डाकोटाचे दिवस

अचलपुरात जुन्या विमानप्रवासाच्या आठवणी सांगणारे पुष्कळ, विमानात बसलेले थोडे. ‘तवाच्या विमानाची गोठच न्यारी होती, बाप्पा!’ असं परतवाड्याच्या टपरीवर ऐकलं की समजावं, वक्त्यानं विमान गच्चीवरून पाहिलं आहे.

खरी गंमत नागपूरला होती. १९४९पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची डाकोटा विमानं रात्री सोनेगावच्या विमानतळावर जमत आणि थैल्यांची अदलाबदल करून माघारी फिरत. उतारूही थैल्यांसारखेच, अपरात्री जांभया देत एका विमानातून दुसऱ्यात. आज त्याला सुवर्णकाळ म्हणतात, तेव्हा जागरण म्हणत असावेत. आमच्या अचलपूरच्या वाट्याला मात्र शकुंतला ही आगगाडी आली. मूर्तिजापूरपर्यंतच्या पाऊणशे किलोमीटरला चार-चार तास! आता तीही बंद, म्हणून तिच्याही आठवणी सुंदर झाल्या.

१६ एप्रिल २०२५ला अमरावतीजवळ बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. जुने जाणकार लगेच हिरमुसले. ‘हे काय, पंख्याचं विमान?’ डाकोटालाही पंखेच होते, हे सुचवून पाहा. चहाचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतील.