घोडे बदलायचं गाव

नव्या गाडीची पूजा आम्ही उल्हासनगरच्या शोरूमच्या दारातच उरकली. हार, नारळ आणि चार लिंबं त्यांनीच दिली. 8 लाख 40 हजारांत तेवढंच फुकट होतं. अमेरिकेत जन्मापासून बिघडलेल्या नव्या गाडीला 'लिंबू' म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. म्हणजे चार चाकांखाली चिरडली आणि पाचव्यात बसून आम्ही बदलापूरला निघालो.

अंबरनाथचा विम्को नाका सुखरूप गेला. चिखलोलीच्या पुढे डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. "छान आहे हो," बायको म्हणाली. मीही कौतुकानं पाहिलं. बदलापूरच्या उड्डाणपुलावर, ऐन चढात, गाडीनं मान टाकली.

पुढे ढकलणं अशक्य, म्हणून मागच्या रिक्षा हटवून गाडी उतारावर मागे न्यायची ठरली. दोन रिक्षावाले बॉनेटला भिडले आणि लगेच थांबले. "काका, आधी हार काढा, हात सरकतायत." मी भर पुलावर झेंडूचा हार सोडवत होतो. बाजूनं जाणारे एक आजोबा थांबून म्हणाले, "नवी वाटतं?"

पुढच्या पाच महिन्यांत अंबरनाथच्या वर्कशॉपच्या सहा वाऱ्या झाल्या. स्कॅनर लावला, सॉफ्टवेअर अपडेट केलं, सेन्सर बदलला, क्लच खोलला. तिथल्या सपाट अंगणात गाडी इन्स्पेक्टर आल्यावरच्या शाळेसारखी वागायची. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर पोरगा मोठा गोड. चहा द्यायचा, माझ्या गुडघेदुखीची चौकशी करायचा. निघताना हळूच म्हणायचा, "काका, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापतात." बदलापूर लोकलमध्ये माझ्या पायावर कुणी उभं राहिलं तर सॉरी मी म्हणतो. मी दहा द्यायचो. एकदा तर अकरा देता येतात का, विचारलं होतं.

सहाव्यांदा टोइंगच्या गाडीत बसून घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, आता कोर्टात जा. नाहीतर टोइंगवाल्याला जेवायला तरी बोलवा, घरचाच झालाय."

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी सांगितलेलं ऐकून माझी छाती फुगत गेली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी कुठलीही असो, तिनं ठाण्याला यायचं. 50 लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्हा आयोगातच चालतं. माझ्या गाडीच्या किमतीला फी 200 रुपये, म्हणजे टोइंगच्या एका फेरीहून स्वस्त. मुदत दोन वर्षांची. तपासणी लागणारी तक्रारही 5 महिन्यांत निकाली काढावी, असं कायदा म्हणतो. हे शेवटचं वाक्य वकीलसाहेब भिंतीकडे बघत बोलले.

"मग गाडी बदलूनच मागू," मी म्हणालो.

तिथे गाडी अडली. मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्येच सांगितलंय, की क्लच खराब असेल तर वॉरंटीप्रमाणे क्लच बदलून द्या, त्यासाठी अख्खी गाडी बदलायची नाही. अख्खी गाडी हवी तर दोष कारखान्यातूनच आलाय, हे तज्ज्ञाच्या अहवालानं आणि जॉब कार्डांनी दाखवा. अमेरिकेतल्या कनेक्टिकटनं 1982 साली यासाठी वेगळा कायदाच केला: तोच बिघाड चार खेपांत गेला नाही, तर गाडी बदलून द्या नाहीतर पैसे परत. आपल्याकडे खेपा मोजणारा असा कायदा नाही. बदलापूर हे नाव इथे घोडे बदलायचे त्यावरून पडलं, असं गावातली जुनी माणसं सांगतात. लंगडा घोडा देऊन ताजा घेताना तेव्हा तज्ज्ञाचा अहवाल लागत नसावा.

"जॉब कार्डं आहेत ना?"

होती की! सहाही होती. एकावर समोशाचं तेल होतं, तेवढंच. वकीलसाहेबांनी ती पत्त्यांसारखी टेबलावर मांडली. 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात सहाही कार्डांवर एकच नोंद: जनरल चेकअप. खाली 'पूर्ण समाधानी'वर बरोबरची खूण आणि माझी सही. साधी नव्हे, चेकवर करतो तशी, शेपटीवाली.

"साईं," चष्मा काढून ते म्हणाले, "कंपनीला वकील कशाला पाहिजे? तुम्ही आहात की."

सातव्या खेपेला मी दात-ओठ खाऊन गेलो. 'चढावर गाडी बंद पडते, ही सातवी वेळ' हे वाक्य पोराकडून कार्डावर अक्षरशः लिहून घेतलं, फोटो काढला. त्याचा चेहरा इतका उतरला की चहा मीच मागवला. गाडी घेऊन निघालो आणि पाच मिनिटांत कंपनीचा फोन. गाडी बाजूला घेतली, डोळ्यांसमोर ते तेलकट कार्ड आणलं, मन घट्ट केलं आणि सांगितलं: "नऊ."

अर्ध्या तासात पोराचा फोन. आवाज रडवेला. "काका, एक मार्क कुठे कापला?"

मी तेव्हा उड्डाणपुलावर होतो. चारी इंडिकेटर लावून.