गळप्रवेशिका : फक्त जावयांसाठी

मासे कसे पकडावेत यावर जगात पुष्कळ लिहून झालं आहे. आयझॅक वॉल्टनचं प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १६५३ सालचं. त्याच्या पाचशे वर्षं आधी कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक प्रकरणच घातलं. माशांच्या जाती, त्यांचं खाणं, काठी, दोरी, आमिष, राजाने काही सोडलं नाही. मात्र सासऱ्यांबरोबर मासे पकडायला कसं जावं याविषयी त्याने अवाक्षर काढलेलं नाही. राजाला सासरे बरेच असणार. गप्प बसण्यात त्याचा शहाणपणा दिसतो.

ही उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न. व्याप्ती : पुणे शहर, खडकवासल्याचा फुगवटा, पानशेत रस्ता आणि आमच्या सासऱ्यांचा स्वभाव.

कलम १. पात्रता. उमेदवाराला मासेमारीची पूर्वमाहिती नसावी. मला होती, आणि तीच नडली. मी मालवणचा. आमच्याकडे गरवायला जायचं म्हणजे खडकावर बसायचं, गर पाण्यात सोडायचा आणि एखादी तांबोशी, एखादा गोबरा घेऊन जेवणाच्या वेळेला घरी यायचं. हे मी पहिल्याच भेटीत कौतुकाने सांगितलं. सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “समुद्रात मासे धरण्यात कसब ते काय? समुद्रात मासे असतातच.”

कलम २. वेळ. पहाटे साडेचार. रविवारी उजाडल्यावर निघालात तर सिंहगड रस्ता तुम्हाला अडवणार आणि खडकवासल्याच्या चौपाटीवर पोचेपर्यंत अर्धं पुणं हातात कणीस घेऊन कठड्यावर बसलेलं असणार. उन्हाळ्यात पहाटे जाणं योग्यच आहे, कारण ऊन तापलं की मासा खोल जातो. डिसेंबर-जानेवारीत मात्र पाणी गारठलेलं असतं, मासा सुस्त असतो, आणि नऊ-दहानंतर काठाचं उथळ पाणी जरा कोमटलं की मगच तो तोंड उघडतो. हे शास्त्र खुद्द सासऱ्यांनीच मला शिकवलं. मग थंडीत आपण नऊला का निघत नाही, असं मी विचारलं. “मासा नऊला येईल. आपण वेळेवर यायचं.”

कलम ३. परवानगी. जलाशयातली मासेमारी सहसा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. गळ टाकण्याआधी तिथल्या कोळ्यांना विचारावं, जाळी कुठे लावली आहेत ते पाहून घ्यावं, त्यांच्या होडीला रामराम करावा. पाणी पुण्याच्या पिण्याचं आहे, तेव्हा प्लॅस्टिक, तंगुसाचे तुकडे आणि उरलंसुरलं आपल्याबरोबर परत आणावं. याबाबतीत सासरे कडक आहेत, आणि ते बरोबर आहेत.

कलम ४. आमिष. येथे मार्गदर्शिका थोडी विस्ताराने बोलेल, कारण मोहिमेची निम्मी मजा आणि घरातली सगळी भांडणं या कलमात आहेत.

आमचे सासरे शाकाहारी. नुसते शाकाहारी नव्हेत, सदाशिव पेठेतले शाकाहारी. गांडूळ घरात आणायचं नाही, जिवंत मासोळी गळाला लावायची नाही. त्यामुळे मरळ आणि शिवडा हे मांसाहारी मासे त्यांच्या यादीतून आपोआप बाद. “ज्याला आपलं जेवण चालत नाही त्याच्याशी आपला व्यवहार नाही,” असं ते म्हणतात. म्हणजे माशाने काय खावं हे ठरलेलं, मासा कोणी खावा हे मात्र ठरायचं राहून गेलेलं. असो.

कृती अशी. शेंगदाण्याची पेंड दोन वाट्या घेऊन मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजावी आणि कुटावी. एक वाटी कणीक, चिमूटभरापेक्षा जरा धीट हिंग, सुपारीएवढा गूळ. कोमट पाण्याने मळावी. गोळा हाताला चिकटता कामा नये आणि गळावरून सुटताही कामा नये. खात्रीसाठी एक गोळी काचेच्या पेल्यातल्या पाण्यात सोडून घड्याळ लावावं. दहा मिनिटांनी कडा विरघळू लागल्या आणि मधला गाभा टिकून राहिला तर कणीक जमली. लगेच भसकन पसरली तर ती कणीक म्हणजे धर्मादाय अन्नछत्र, मासे जेवून जातील. शेवटी सासरे कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी उघडतात आणि पाठ करून तिच्यातलं काहीतरी गोळ्यात टाकतात. ते काय, हे त्यांनी पोटच्या मुलीलाही सांगितलेलं नाही. मला वासावरून वेलदोडा वाटतो.

सासूबाईंनी या कामासाठी वेगळी परात काढून दिली आहे आणि तिला बाकीच्या भांड्यांत बसायची परवानगी नाही. मळलेला गोळा स्टीलच्या डब्यातून फ्रीजमध्ये जातो. डब्यावर कागद चिकटवलेला आहे : ‘हे लाडू नव्हेत.’ पाटी अनुभवातून आली आहे. अनुभव व्याह्यांना आला, म्हणजे माझ्या वडिलांना.

कलम ५. गाठ. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवावा, त्याच दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, टोक गळाजवळच्या फटीतून परत घ्यावं, आणि ओढण्याआधी गाठीला थुंकी लावावी. कोरडी गाठ ओढली की घासून तापते, नायलॉन तिथेच कमजोर होतो, आणि मोठा मासा नेमका तिथेच तोडून जातो. हे सांगताना सासरे दरवेळी “थुंकी” हा शब्द सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतात.

कलम ६. नवा रॉड. घेऊ नये. घेतलात तर किंमत सांगू नये.

कलम ७. खोली. फ्लोट मोरपिसाच्या देठाचा. देठ हलका, पाण्यात उभा राहतो आणि माशाने नुसतं नाक लावलं तरी सांगतो. तो किती खोलीला बांधायचा हे माशाच्या तोंडावरून ठरवावं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातलं खातो, तेव्हा गळ उथळ ठेवावा. रोहू मधल्या पाण्यातला. मृगळ तळ उकरणारा, म्हणून त्याच्यासाठी गळ थेट तळाला टेकवावा. मृगळ खाताना गळासकट शिसं उचलतो, त्यामुळे फ्लोट बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो. नवखा माणूस बुडण्याची वाट पाहत बसतो आणि तोवर मृगळ कणीक संपवून गेलेला असतो. फ्लोट नुसता थरथरला तर हात आवरावा, ती चिलापी असते. तिरका, सरळ रेषेत, ठाम चालू लागला की मनगटाने झटका द्यावा. खांद्याने नाही. खांद्याने झटका देणाऱ्या माणसाला सासरे “गिरणी कामगार” म्हणतात, आणि मी तो शब्द बराच काळ प्रशंसा समजत होतो.

कलम ८. मौन. काठावर बोलू नये. मासा पावलांची धडधड जमिनीतून ओळखतो म्हणून आपटत चालू नये, सावली पाण्यावर पडू देऊ नये, फोन बंद ठेवावा. बोलण्याचा अधिकार फक्त सासऱ्यांना आहे आणि तो ते बजावतात. विषय ठरलेले. पहिला टीएमसी. टेमघर ३.७१, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, खडकवासला १.९७, चारही मिळून २९.१५. हे आकडे ते इतरांनी नातवंडांची नावं सांगावीत तसे सांगतात. (नातवंडांच्या नावांत ते चुकतात.)

दुसरा विषय १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि पाणी पेठांत शिरलं. सासरे तेव्हा शाळेत होते. वाड्याच्या माळवदावरून वाहून जाणारी कपाटं, तांब्याची घंगाळं, एक पाळणा, असं सगळं ते क्रमाने सांगतात आणि क्रम कधी बदलत नाही. एवढं सांगताना मात्र त्यांचा डोळा फ्लोटवर नसतो. तेव्हा त्यांच्या गळाला मासा लागला तर ओरडू नये. काठी हळूच उचलून त्यांच्या हातात द्यावी. मासा त्यांचाच धरावा.

कलम ९. मासा न लागण्याची कारणं. ही पाठ असावीत. वारा पूर्वेचा. चंद्र उतरता. वरून पाणी सोडलेलं. वरून पाणी न सोडलेलं. पाणकावळे. काल कोणीतरी इथे आधीच खिलवून गेलेला. जावयाचा शर्ट पांढरा. (मी खाकी शर्ट घेतला. तेव्हापासून कारण टोपी.) गेल्या आठवड्यात जावई आला नव्हता आणि मासा लागला होता. या आठवड्यात जावई आला आहे. या दोन विधानांत सासरे कुठलाही संबंध जोडत नाहीत. नुसती एकापाठोपाठ एक मांडतात आणि पाण्याकडे पाहतात.

या सगळ्याच्या मुळाशी खरी खलनायिका चिलापी. ती १९५२ साली भारतात आणली गेली, मूळची आफ्रिकेतली, आणि आता ज्या पाण्यात दुसरं काही तग धरत नाही त्यातही ती पोरंबाळं वाढवते. मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. उरलेला सगळा काळ ती आमची कणीक खाते. दिवसाच्या शेवटी पिशवीत तळहाताएवढ्या सहा-सात चिलाप्या असतात. सासरे मासे खात नाहीत, सासूबाईंना पिशवी दारातही चालत नाही. पिशवी धायरीला माझ्या फ्लॅटवर येते. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास असतो, म्हणून तो नीट खवलून, आतली काळी त्वचा घासून काढून, मीठ-हळद आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवावा. रोहू असेल तर पाठीकडे सुरीने बारीक आडवे छेद द्यावेत, म्हणजे तळताना आतले काटे कुरकुरीत होतात. मी कोकम घालतो, तिरफळं घालतो. तिरफळं घालूनही चिलापी चिलापीच लागते. लग्न ठरताना “मुलगा मालवणचा आहे, मासे खातो” हे कळल्यावर सासऱ्यांचा चेहरा का उजळला होता, याचा उलगडा मला तव्यासमोर उभा असताना झाला.

कलम १०. महाशीर. याविषयी थट्टा करू नये.

विल्यम साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर लिहिताना १८३९ साली ज्या महाशीराला ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव दिलं, तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला होता. तिथे आज उभं राहून पाहा. जलपर्णी, फेस, मैलापाणी, आणि पुलावरून निर्माल्याची पिशवी भिरकावणारा एखादा भाविक. शास्त्रात ज्या नदीच्या पत्त्यावर एक राजबिंडा मासा नोंदलेला आहे, तिची ही अवस्था आहे, आणि नदीकाठ सुशोभित करू म्हणणाऱ्यांना पाण्यात काय सोडलं जातं हे विचारलं की ते बाकांचं डिझाइन दाखवतात. राग येतो. मार्गदर्शिकेत राग बसत नाही, पण येतो.

लोणावळ्याला वळवण धरणाशी टाटांच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून महाशीराची पिल्लं वाढवली गेली आणि देशभर नद्यांत सोडली गेली. कावेरीत ती इतकी रुजली की तिथला मूळचा मोठ्या पाठीचा महाशीर मागे पडला आणि आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे. घाटावरचा मासा परगावी गेला आणि तिथल्यांना जागा उरली नाही, यात पुणेकरांना नवल वाटू नये.

महाशीर लागलाच तर हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचं चिकट आवरण निघतं आणि तिथे रोग धरतो. कल्ल्यात बोट घालू नये. फोटोसाठी वर धरून नाचवू नये. गळ पक्कडीने सोडवून, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरून ठेवावा. शेपूट मारून तो स्वतः निघाला की हात सोडावा. सासऱ्यांना तो एकदा लागला होता, मुळशीच्या वरच्या अंगाला. त्यांनी सोडून दिला. तो केवढा होता हे ते दोन्ही हात पसरून दाखवतात. सासूबाई त्या दिवशी बरोबर होत्या. त्यांना विचारलं तर त्या म्हणतात, “सोडताना यांचे हात थरथरत होते.” लांबी सांगत नाहीत.

कलम ११. सोसायटीतले लोक. लिफ्टमध्ये “किती मिळाले?” विचारतात. “पाणी चांगलं होतं” म्हणावं.

कलम १२. पावसाळी सुट्टी. पहिल्या पुराच्या गढूळ पाण्यात मासा अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतो. चढणीचा मासा पोटात अंडी घेऊन असतो, त्याला धरू नये. नदीपात्रात तर उतरूच नये. विसर्ग सुरू करण्याआधी भोंगा होतो, पण भोंगा ऐकू येण्यावर जीव टांगू नये. काठचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि पाय ठेवला की गिळतो. दरवर्षी कोणीतरी जातं.

या दोन-तीन महिन्यांत सासरे खिडकीशी वर्तमानपत्र पसरून रीळ सुटं करतात, प्रत्येक दाता जुन्या टूथब्रशने घासतात, शिवणयंत्राचं तेल घालतात, आणि जोडताना एक स्प्रिंग उरते. सकाळी सहाला त्यांचा फोन येतो, कारण रात्री खडकवासल्यातून विसर्ग वाढवलेला असतो. फोन उचलावा. “किती?” विचारावं. ते क्युसेक सांगतात. त्यावर “मागच्या वर्षी याच तारखेला किती होतं?” हेही विचारावं. हा प्रश्न विसरलात तर संध्याकाळी पुन्हा फोन येतो आणि तो बायकोच्या नंबरवर येतो.