पार्टी बंदिद्दारे!

अहो, जरा इकडे या ना कुंपणाशी. ऐकलंत का? आपल्या तिसऱ्या क्रॉसवरच्या वहिनींनी स्टे आणला! हो, त्याच. ज्यांच्या यजमानांनी व्हाइटफील्डचा फ्लॅट गुपचूप विकायला काढला होता, त्या.

कळलं कसं माहितीये? ब्रोकरने चुकून वहिनींनाच फोन केला. "मॅडम, पार्टी बंदिद्दारे, की बेकु." म्हणजे गिऱ्हाईक आलंय, किल्ली हवी. आता कसली पार्टी आणि कुठली किल्ली? दूध गॅसवर उतू गेलं तरी वहिनी फोन धरून उभ्या... त्यांची कामवालीच सांगत होती. ती काही खोटं बोलायची नाही.

तर काय सांगत होते... दुसऱ्या दिवशी सकाळीच शांतिनगरला, न्यायदेगुलात. फॅमिली कोर्ट हो. मी म्हटलं, नवऱ्याला न विचारता असा हुकूम निघतो कसा? तर वकीलबाई म्हणाल्या म्हणे, "विचारत बसलो तर तोवर सेल डीड होऊन जाईल." म्हणून एक्स-पार्टी. पण जजला कारणं लिहावी लागतात, इतकी घाई का ते. आणि वहिनींच्या बाजूने सगळ्या कागदांच्या नकला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, रजिस्टर्ड पोस्टाने नवऱ्याला धाडायच्या. महिन्याभरात त्याचं ऐकून अर्ज निकाली काढायचा, असा नियम आहे. आता नियम आणि कोर्टाची तारीख यांचं नातं तुम्हाला ठाऊकच आहे!

पोस्टमन आला तेव्हा मी तुळशीला पाणी घालत होते. खरंच घालत होते, हसू नका. गृहस्थांनी गेटपाशीच पाकीट फोडलं. एकदा वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. चेहरा असा उतरला की विचारू नका. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या, "घराण्याची अब्रू कोर्टात नेलीस गं!" वहिनी आतूनच म्हणाल्या, "अब्रू नाही, आई, अ‍ॅफिडेव्हिट नेलंय."

लॉकरही अडवलाय बरं का. २००५चा तो घरातल्या छळाचा कायदा आहे ना, त्यात बायकोचा हक्क असलेली मालमत्ता परस्पर विकणं हाही आर्थिक छळच. लॉकर, खाती, तिचं स्त्रीधन, कशालाच हात लावायचा नाही असा हुकूम मिळतो. शिवाय पोटगीचा अर्ज आला की दोघांनीही मालमत्तेची यादी शपथेवर द्यायची. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२०मध्ये घालून दिलंय, आपल्या नागपूरच्याच कोर्टातून वर गेलेल्या एका खटल्यात! म्हणजे एफडी निघणार, शेअर्स निघणार... आणि त्या गृहस्थांना कंपनीने दिलेले ईएसओपी? आमच्या बेंगळुरूत आयटीवाल्यांचं खरं सोनं तिथेच.

पण वहिनी हुशार हं. हुकूम निघाला म्हणून बँकेला काही स्वप्न पडत नाही! सर्टिफाइड कॉपी घेऊन स्वतः रिक्षाने बँकेत, मग सब-रजिस्ट्रारकडे, आणि शेवटी त्या पार्टीकडेसुद्धा. टोकन देऊन बसलेल्या त्या गिऱ्हाइकाचं तोंड बघायला हवं होतं म्हणे. दावा चालू असताना फ्लॅट घेतला, तर निकाल लागेल तो त्यालाही बंधनकारक. कोण कशाला विकतचं दुखणं घेईल?

नाही हो, फ्लॅट वहिनींचा झाला असं नाही. स्टे म्हणजे नुसतं "जैसे थे". घटस्फोट झाला की निम्मं-निम्मं, असा कायदा आपल्याकडे कुठे आहे? तो गोव्यात. माझी म्हापशाची मावशी नेहमी ऐकवते, "आमच्याकडे बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही." लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर तिथे सगळं दोघांचं. पोर्तुगीज गेले, पण कायदा ठेवून गेले. इथे मात्र फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, मग बायकोची सही कोण मागतंय? म्हणून तर उतू जाणारं दूध सोडून धावायचं. मला विचाराल तर मावशीचंच बरं.

गुरुवारी तारीख आहे. सासूबाईही जाणार म्हणे, कोणाच्या बाजूने ते अजून कळलं नाही... बरं, ते राहू दे. तुमच्या लॉकरवर दुसरं नाव कोणाचं आहे हो?