हजेरीचे आरोग्यशास्त्र

निरोगी वार्धक्य म्हणजे केवळ रोगांचा अभाव नव्हे, तर स्वतःला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी उतारवयातही करता येतील इतकी कार्यक्षमता टिकून राहणे होय, अशी मांडणी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केली आणि पुढे २०२१ ते २०३० हे दशक याच विषयाला वाहण्यात आले. महाराष्ट्रातील उद्यानांत भल्या पहाटे भरणाऱ्या ज्येष्ठांच्या कट्ट्यांवर ही व्याख्या वाचली गेली असण्याचा संभव कमी. तथापि तेथील सभासदांना मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी, म्हणजे एकमेकांच्या साखरेचे आकडे ताडून पाहणे, देशाचा कारभार चालवणे आणि ठरल्या बाकावर ठरल्या जागीच बसणे, यांबाबतची त्यांची कार्यक्षमता वादातीत आहे. कट्टा म्हणजे मुळात बसण्याचा ओटा. पण मराठीत हा शब्द ओट्यावरून उठून बसणाऱ्यांना चिकटला, त्यामुळे ओटे पाडून सिमेंटची बाकडी आली तरी कट्टा मोडला नाही.

याच परंपरेला १३ मार्च १९९५ रोजी एक नवी शाखा फुटली. मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातील उद्यानात डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. प्रारंभी एकाने विनोद सांगावा व इतरांनी हसावे अशी पद्धत होती. परंतु दोनेक आठवड्यांत सांगण्याजोगे विनोद संपले, आणि उरलेले चारचौघांत सांगण्याजोगे नव्हते. तेव्हा विनोदावाचूनच हसण्याचा मार्ग पत्करण्यात आला आणि पुढे दीर्घ श्वसनाची जोड मिळून त्याला ‘हास्ययोग’ हे नाव लाभले. विनोद संपल्यामुळे भरभराटीला आलेली हास्याची ही बहुधा एकमेव चळवळ असावी.

मात्र या साऱ्यातील खरे औषध हास्याच्या गडगडाटात नसून त्याआधीच्या एका प्रश्नात आहे: “काल दिसला नाहीत?” एक दिवसाची गैरहजेरी या प्रश्नावर भागते, दुसऱ्या दिवशी फोन येतो, आणि तिसऱ्या दिवशी दोन सभासद, कधीकाळी नेलेली छत्री परत करण्याच्या निमित्ताने, थेट दारात उभे राहतात. छत्री कोणाची यावर चहा होईपर्यंत वाद चालतो, तोवर प्रकृतीची तपासणी आपोआप उरकते.

नव्या पिढीशी जोडणारी हजेरी मोबाइलवर लागते. सुट्टीत आलेला नातू “आजोबा, आता हा बाण दाबा” एवढेच शिकवून जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचच्या ठोक्याला गुलाब, उगवता सूर्य व सुविचार यांनी युक्त असा ‘शुभ सकाळ’ साऱ्या कुटुंबाच्या गटावर येऊन आदळू लागतो. अशा संदेशांनी भारतीयांचे मोबाइल इतके तुंबले, की २०१८ साली गूगलने ती चित्रे हुडकून एकदम पुसण्याची सोय आपल्या ‘फाइल्स गो’ या अ‍ॅपमध्ये केली. तरुण पिढीने ती कृतज्ञतेने स्वीकारली आणि शिवाय गटाचा आवाजही बंद करून ठेवला.

परंतु हजेरीपटाचे मोल कोऱ्या रकान्यातच कळते. एखाद्या सकाळी गुलाब येत नाही, आठपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, साडेआठला सून हळूच फोन उघडून पाहते, आणि नऊच्या आत, आवाज बंद करून ठेवणाऱ्या मुलाचाच फोन खणखणतो: “बाबा, बरे आहात ना?” पलीकडून, नेटपॅक संपल्याचा खुलासा अत्यंत करारी आवाजात होतो. रिचार्ज नातू करून देतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गटावर दोन गुलाब येतात: एक त्या दिवसाचा, आणि एक कालच्या बाकीचा. त्या दिवशी ते कोणी पुसत नाही.