हेडबाईंची मधली सुट्टी

आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक शाळा आहे. पाटी नाही, फाटक नाही, पटावर विद्यार्थी दोन. थोरला दहा वर्षांचा, धाकटी सात. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, ग्रंथपाल आणि शिपाई ही सगळी पदं त्यांच्या आईकडे असल्यामुळे आम्ही तिला हेडबाई म्हणतो. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हटलं तर ती सोफ्यावर बसवून शांतपणे समजावते, की आम्ही घरी शाळा भरवत नाही, आम्ही मुलांना शाळेपासून मोकळं केलंय, आणि या दोन गोष्टींत फरक आहे. तो फरक कळेपर्यंत आपल्या घरचं दूध उतू गेलेलं असतं.

पुण्यात हा नमुना आता दुर्मीळ राहिलेला नाही. कोथरूड, बाणेर, सिंहगड रोड, कुठेही कामाच्या वारी सकाळी अकरा वाजता भाजीच्या गाडीपाशी उभे राहा. एक बाई शाळकरी वयाची दोन मुलं घेऊन येईल. मुलं वांगी उलटसुलट करून बघतील, ‘ही कुठून आली?’ विचारतील, भाजीवाला ‘मार्केट यार्डातून’ म्हणाला की ‘त्याच्या आधी?’ विचारतील. मग बाई पाचशेची नोट धाकटीच्या हातात देईल आणि म्हणेल, ‘काका किती परत देतील, सांग बरं?’ मागे ताटकळलेल्या बायका मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळ्या होतात, पण तसं मोठ्याने सांगायची सोय नाही. मुलांना स्वतः शोधू द्यायचं असतं. आमचा भाजीवाला शहाणा झालाय. हेडबाई लांबून दिसली की तो आधीच ओरडतो, ‘ताई, यूपीआय करा!’

हेडबाई पूर्वी हिंजवडीत एका कंपनीत टीम लीड होती. थोरला दुसरीत असताना तिने त्याला शाळेतून काढलं आणि स्वतःला कंपनीतून. कंपनी सुटली, एक्सेल सुटलं नाही. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीची शीट असते. मुलांवर ती ओरडत नाही, ‘आपण यावर बोलूया’ म्हणते. मुलं या वाक्याला जितकी घाबरतात तितकी माझी मुलं माझ्या लाटण्यालाही घाबरत नाहीत.

सुरुवातीला विरोध झाला. आमचे सेक्रेटरी निवृत्त सरकारी अधिकारी. त्यांनी २००९ चा शिक्षण हक्क कायदा छापून आणला आणि कलम १० वर बोट ठेवलं. मुलाला जवळपासच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. हेडबाईने त्याच कागदावर दोन कलमं मागे जाऊन कलम ८ दाखवलं. सक्ती आहे ती सरकारवर, शिक्षण पुरवायची, असं तिचं वाचन. ‘आणि पालकांनी कर्तव्य केलं नाही तर त्यांना काय शिक्षा, ते या कायद्यात कुठे लिहिलंय, दाखवा ना काका.’ काका अजून शोधतायत. दहावीचं तिने तेव्हाच बघून ठेवलेलं होतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, चौदा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. तर दहावीचा प्रश्न असा आठ वर्षं आधीच सुटलेला होता. सुटत नव्हता तो दुपारच्या जेवणाचा.

तिच्या कपाटात जॉन होल्ट ओळीने उभे आहेत. हे अमेरिकेतले शिक्षक. मुलं शाळेत नापास का होतात यावर त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहिलं आणि १९७७ मध्ये ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. मुलं आपणहून शिकतात, मोठ्यांनी लुडबुड करू नये, हे त्यांचं म्हणणं मलाही पटतं. पण होल्टसाहेबांनी लग्न केलं नाही, त्यांना मूलबाळ नव्हतं. पाऊण वाजता ‘आई, भूक’ आणि ताट समोर आल्यावर ‘शी, दोडकं’ हे त्यांनी रोज ऐकलेलं नसावं. त्यामुळे त्या कपाटात शिक्षणाचा विचार उदंड आहे, दोडक्याचा नाही.

मग हेडबाईने स्वतःच विचार केला. तिचा सिद्धान्त असा, की घरात जे जे घडतं तो अभ्यास, म्हणून जेवण हाही विषय. झालं, सोमवार ते शुक्रवारची शीट तयार झाली. एका रकान्यात पदार्थ, शेजारी ‘यातून काय शिकणार’.

थालीपीठाच्या दिवशी मी विरजण मागायला वर गेले होते. भाजणी डब्यात तयार असली की थालीपीठासारखं सोपं जेवण नाही. कांदा, कोथिंबीर, तिखट-मीठ, ओल्या फडक्यावर थापायचं, तव्यावर टाकायचं, झाकण ठेवायचं. दहा मिनिटांत पान वाढून होतं. इथे तव्यावरून उतरलेलं थालीपीठ थेट पट्टीकडे गेलं. व्यास १८ सेंटिमीटर. थोरल्याने त्रिज्येचा वर्ग केला, ३.१४ ने गुणलं, क्षेत्रफळ आलं २५४.३४ चौरस सेंटिमीटर. ‘आणि भोकं?’ हेडबाईने विचारलं. तेल खालपर्यंत उतरावं म्हणून पाडलेली पाच भोकं, प्रत्येकाचा व्यास दोन सेंटिमीटर, म्हणजे १५.७० वजा करायचे. त्याने वजाबाकी मांडेपर्यंत धाकटीने कडेचा एक चतकोर तोडून तोंडात टाकला. थोरला रडकुंडीला आला. हेडबाई मात्र खूश. ‘अरे वा! आता आपल्याला अपूर्णांकही करता येतील!’ तेवढ्यात थालीपीठावरचं लोणी वितळून गणिताच्या वहीत उतरलं होतं. धाकटीने तेही बोटाने पुसून खाल्लं. मला त्या घरात तीच सर्वांत शिकलेली वाटली.

डोशांचा प्रकार डिसेंबरातला. थंडीत पीठ आंबेना. आपण काय करतो? पातेलं शालीत गुंडाळतो किंवा ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवतो, आणि नाहीच आंबलं तर गपचूप धिरडी घालतो. हेडबाईने पिठाच्या तीन वाट्या केल्या आणि त्यांवर अ, ब, क अशा चिठ्ठ्या लावल्या. अ ओव्हनमध्ये, ब ओट्यावर, क फ्रीजमध्ये. पिठात जिवाणू वाढतात, ते आम्ल आणि वायू तयार करतात, त्या वायूने पीठ फुगतं, आणि थंडीत हे सगळं मंदावतं, ते मुलांना डोळ्यांनी दिसावं. दर दोन तासांनी पट्टी, वहीत नोंद, शेजारी आलेख. दुसऱ्या दिवशी दुपारी हेडबाईचे यजमान दोन मीटिंगांच्या मधे स्वयंपाकघरात आले. भुकेलेले होते. ओट्यावर पीठ दिसलं, त्यांनी दोन डोसे घालून खाल्ले. ‘तू ब खाल्लास?’ ही हेडबाईची किंकाळी आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत आली. बिचाऱ्याला वाटलं, विषबाधा झाली.

यातून ती आकड्यांकडे वळली. तिच्या स्वयंपाकाच्या मावशींची मुलगी महापालिकेच्या शाळेत चौथीत आहे. तिथे शालेय पोषण आहार मिळतो. हेडबाईने त्याचे निकष शोधून फ्रीजवर चिकटवले. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. मग डिजिटल काटा आला, खिचडी मोजून शिजली, मोजून वाढली गेली आणि जवळजवळ तितकीच मोजून परत आली. ज्या शाळेतून मुलं सोडवली तिची खिचडी मात्र घरी चालत आली. मावशी भांडी विसळता विसळता म्हणाल्या, ‘आमची पोरगी चाळीस पोरांत बसून दुसऱ्यांदा मागून घेते. हितं दोनच पोरं, अन् दोघांच्या दोन तऱ्हा.’

मावशींनी नेमकं दुखणं सांगितलं होतं, पण शीटमध्ये त्याला रकाना नव्हता.

कारण पदार्थांची अडचण कधी नव्हतीच. पटकन होणाऱ्या जेवणाला मराठी घरात काय तोटा? वरणफळं, तांदळाची उकड, दडपे पोहे, मुगाचं धिरडं, दहीभातावर मिरचीची फोडणी, हे सगळं हेडबाईला झोपेत येतं. अडचण होती ती बघण्याची. शाळेत जाणारं मूल दोडकं खातं असं का तुम्हाला वाटतं? ते दोडकं मित्राच्या डब्यात जातं, बाकाखाली जातं, शाळेच्या आवारातल्या मांजराला जातं, आणि मांजरही सोडून जातं. आईला संध्याकाळी दिसतो रिकामा डबा. ती तो घासते आणि सुखाने झोपते. डब्याचं झाकण लागलं की आपली जबाबदारी संपली, पुढे देव आणि बाई बघून घेतील, यावर इथल्या आयांच्या किती पिढ्या तरल्या! हेडबाईच्या नशिबी ते झाकण नाही. ती घास न् घास समोर बसून बघते. प्रत्येक बाजूला सारलेली फोड तिला दिसते, आणि दिसली की तिला त्यावर बोलावंसं वाटतं. शिवाय स्वयंपाकघर कधी बंद होत नाही. अकराला ‘काहीतरी दे ना’, बाराला ‘जेवायला काय?’, ते कळल्यावर ‘दुसरं काय?’, आणि अडीचला पुन्हा ‘काहीतरी दे ना’.

मध्यंतरी तिच्या सासूबाई साताऱ्याहून आल्या. त्यांनी दोन दिवस हे सगळं पाहिलं. तिसऱ्या दिवशी हेडबाई भाताच्या प्रवासाचा नकाशा छापत असताना त्यांनी रात्रीच्या उरलेल्या पोळ्या हातानेच चुरल्या, कढईत कांदा, दाणे आणि कढीलिंबाची खमंग फोडणी केली, पोळी परतली, चिमूटभर साखर घातली, लिंबू पिळलं आणि दोन ताटल्या मुलांपुढे आदळल्या. मुलांनी अवाक्षर न काढता संपवलं. हेडबाईने लॅपटॉपवरून मान वर करून विचारलं, ‘आई, यातून त्यांना काय शिकायला मिळालं?’ सासूबाई म्हणाल्या, ‘जेवली. पुरे.’

पण खरी क्रांती धाकटीने केली. माझ्या मुलाचा डबा तिने पाहिला होता, आणि एके सकाळी तिने जाहीर केलं, ‘मला डबा हवा.’ हेडबाईच्या तत्त्वज्ञानाला तडाच गेला. डबा म्हणजे शाळेची खूण! गणवेश, घंटा, वेळापत्रक, सगळं त्याच्यामागून येतं. ‘आपण यावर बोलूया,’ ती म्हणाली. बोलणी दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी तुळशीबागेतून स्टीलचे दोन कप्प्यांचे डबे आले.

आता साडेआठला, नाश्ता होता होताच, डबे भरले जातात. एका कप्प्यात तूप-गूळ लावलेली पोळीची गुंडाळी किंवा न मोजलेलं थालीपीठ, दुसऱ्यात जी भाजी असेल ती, वर काकडीच्या चकत्या, कधी दाण्याचा लाडू. जे गार झालं तरी चालतं तेच करायचं, एवढा एकच नियम. ओटा पुसला की स्वयंपाकघर बंद. साडेबाराला यजमान ताटावर झारा हाणून घंटा देतात आणि मुलं डबे घेऊन तिसऱ्या-चौथ्या मजल्यामधल्या जिन्यात जाऊन बसतात. हेडबाई दार लावून घेते. पाऊण तास तिला कोणी दिसत नाही, आणि ती कोणाला दिसत नाही. त्या वेळात ती काय करते असं मी विचारलं, तर म्हणाली, ‘काही नाही. बसते.’

डबे रिकामे परत येतात. दोडक्याच्या दिवशीसुद्धा. जिन्यातल्या मनीप्लँटच्या कुंडीत मला एकदा दोडक्याची फोड दिसली. मी ती बोटाने मातीखाली ढकलली.

बघता बघता जिन्यातली पंगत वाढली. आधी सासूबाई आल्या, गुडघे दुखतात म्हणून स्टूल घेऊन. मग यजमान आले, कानात मीटिंग आणि मांडीवर तिसरा डबा. दिवाळीच्या सुट्टीत माझी दोन्ही मुलं गेली. घरी ज्या भेंडीकडे ढुंकून बघत नाहीत तीच तिथे दुसऱ्याच्या डब्यातून ओढून खाऊ लागली. मावशींची मुलगीही येऊन बसली आणि तिने सगळ्यांना रांगेत बसवून ‘वदनी कवळ’ म्हणायला लावलं. हेडबाईने ते दाराच्या फटीतून ऐकलं, पण काही बोलली नाही.

सेक्रेटरींना मात्र राहवलं नाही. सोमवारी फलकावर कागद लागला, ‘सुचना. जिना हा चढण्या-उतरण्यासाठी असून जेवणासाठी नाही. मधल्या सुट्टिसाठी शासनाने शाळा काढलेल्या आहेत. कलम १० पाहावे.’

हेडबाई भांडली नाही. दुसऱ्या दिवशी भाषेच्या तासाला ती दोघांना वह्या घेऊन खाली फलकापाशी आली. अर्ध्या तासाने मी तिथून गेले तेव्हा ‘सुचना’तला ‘सु’ आणि ‘सुट्टि’तली ‘ट्टि’ लाल पेनाने दुरुस्त झाली होती, आणि खाली थोरल्याच्या अक्षरात शेरा होता, ‘१० पैकी ८. अक्षर चांगले. पुन्हा लिहून आणावे.’