वाघाचे शेजारी

चेन्नईबाहेर जीएसटी रोडवर राहायला गेलेलं सगळ्यात नशीबवान बिऱ्हाड प्राण्यांचं. पार्क टाऊनमधलं जुनं प्राणिसंग्रहालय शहरात मावेना, तेव्हा १९८५ साली ते वंडलूरला हलवलं. ६०२ हेक्टर जागा, गर्द झाडी, वेळेवर जेवण, आणि रोज सकाळी गिंडीला ऑफिसात पोचायची सक्ती नाही. २०२३च्या डिसेंबरात वंडलूरच्या शेजारीच किळांबाक्कमला नवं बसस्थानक उघडलं आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या शहरातल्या कोयंबेडूहून तिकडे गेल्या. शहराला अडचण झाली की ती या रस्त्याने बाहेर काढायची, असा इथला शिरस्ता. गेल्या वर्षी आमचा नंबर लागला. फरक एवढाच, की प्राण्यांना कर्ज काढावं लागलं नव्हतं.

जीएसटी रोड म्हणजे ग्रँड सदर्न ट्रंक रोड. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर आधी पाच टक्के जीएसटी भरायचा आणि मग उरलेला जन्म जीएसटीवरच काढायचा.

तमिळमध्ये 'पक्कम' म्हणजे बाजूला, जवळ. मेडवाक्कम, केळंबाक्कम, किळांबाक्कम! गावाच्या नावातच 'जवळ' असं ऐकू आल्यावर ब्रोकरला वेगळं खोटं बोलावं लागत नाही.

आम्ही मूळचे डोंबिवलीकर, त्यामुळे उपनगरांच्या बाबतीत जन्मजात शहाणे. "अहो, घर पावसाळ्यात बघायचं असतं, म्हणजे खरं काय ते कळतं," ही म्हणाली. म्हणून मुद्दाम जुलैत गेलो. जागा खडखडीत कोरडी! भिंतीला ओल नाही, पार्किंगमध्ये थेंब नाही. मी ब्रोकरकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तोही हसला, अगदी मनापासून. इथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ते सांगितलं बाजूच्या बैठ्या घरातल्या मामींनी, सह्या झाल्यावर, फिल्टर कॉफी पुढे करत. २०१५च्या डिसेंबरात अड्यार फुगली, तेव्हा तांबरमजवळच्या मुडिचूरमध्ये रस्त्यावरून होड्या चालल्या. मामींच्या भिंतीवर एक पेन्सिलीची रेघ होती. नातवाची उंची मोजली असेल, असं मी समजत होतो.

बरं, पाणी हवं तेव्हा तरी यावं! २०१९च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव आटले आणि टँकरवाल्याला जावयाचा मान मिळाला. शेवटी जुलैत जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर पाणी घेऊन विल्लिवाक्कमला आली. मी घर बघायला गेलो तो जुलै निराळा; पण महिना तोच, एवढं तरी लक्षात यायला हवं होतं. माणसाने लोकलने शहरात जायचं आणि पाण्याने रेल्वेने शहरात यायचं. बसायला जागा मात्र पाण्यालाच.

मुलाच्या शाळेचं म्हणाल तर ती खरोखरच पक्कम आहे. फीदेखील पगाराच्या अगदी पक्कम जाते.

ब्रोकरने 'पाच मिनिटांवर' म्हणून सांगितलेल्या यादीतलं एकच ठिकाण खरं निघालं: प्राणिसंग्रहालय. रविवारी आम्ही तिघं जातो. वाघ सावलीत पाय पसरून पडलेला असतो. मी कुंपणाला टेकून मोबाइलवर सोमवारच्या सकाळच्या गाड्या बघत असतो. त्याला मंगळवारी सुट्टी असते.