आमचे युथदादा

आमच्या चर्चच्या तरुण संघाला वयाची अट आहे. 35 पूर्ण झाली की माणूस संघातून आपोआप बाहेर. दर जानेवारीत वार्षिक सभेत ही अट खड्या आवाजात वाचून दाखवतात ते संघाचे सेक्रेटरी, म्हणजे आमचे युथदादा. त्यांनी स्वतः पस्तिशी गाठली ती 2013 साली, खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं त्या वर्षी. तेव्हापासून इमॅजिकाच्या तिकिटाचे दर बदलले, मालकसुद्धा बदलले. सेक्रेटरी तेच आहेत.

निवडणूक होत नाही असं कोणी म्हणू नये. रीतसर होते. कोणीतरी उठून "आता नव्या रक्ताला संधी द्या" म्हणतं. त्यावर सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवतात ते युथदादाच. मग खिशातून वही काढून विचारतात, "ठीक आहे, कॅरलच्या टेम्पोचं कोण बघणार? टेम्पोवाल्याची मागची बाकी आहे. मंडपवाल्याच्या अकरा खुर्च्या परत जायच्यात, त्यातल्या दोन मोडल्यात." नवं रक्त मोबाइलमध्ये डोकं घालतं. पाळकसाहेब घड्याळाकडे बघून समारोपाची प्रार्थना सुरू करतात आणि तिच्यातच दादांच्या पुढच्या कार्यकाळासाठी आशीर्वाद मागून मोकळे होतात.

हा प्राणी एकट्या खोपोलीचा नाही. नगरला आहे, जालन्याला आहे, सोलापूरला बहुधा दोन असतील आणि त्यांचं एकमेकांशी पटत नसेल. गणपतीच्या मंडळातही हाच गृहस्थ भेटतो, पावती पुस्तकासकट. खोपोलीतल्या नगाचं वैशिष्ट्य एवढंच की त्याला मदतीला माणसं कमी आणि कार्यक्रम तेवढेच. इथली मराठी ख्रिस्ती कुटुंबं मुळात बाहेरून आलेली. टाटांचं वीजघर 1915 साली सुरू झालं, पुढे पोलादाचे, पाइपांचे कारखाने आले आणि त्यांच्या मागे गावोगावची माणसं घाटाखाली उतरली. दादांचे वडील नगर जिल्ह्यातून असेच कारखान्यात लागले. येताना एक पत्र्याची ट्रंक, बायको आणि मराठी बायबल घेऊन आले. ट्रंक अजून घरात आहे. तिच्यात आता देवदूतांचे पंख असतात.

पंखांवरून आठवलं, दादांच्या घरात कुठलीच वस्तू नक्की घरची म्हणता येत नाही. पांढऱ्या चादरी देवदूतांना जातात, टॉवेल मेंढपाळांच्या डोक्याला, हळदीकुंकवाच्या रंगाचा चांगला शालू मागीपैकी एका राजाला. दिवाळी संपली, भाऊबीज झाली की दादा बाजारात जाऊन अर्ध्या किमतीत चांदणीचे आकाशकंदील उचलतात आणि महिन्याभराने तेच नाताळची चांदणी म्हणून चर्चवर चढतात. एका वर्षी त्यातल्या एकावर 'शुभ दीपावली' तसंच राहिलं होतं. दादा म्हणाले, "शुभ आहे ना? मग झालं."

त्यांची बायको शाळेत मराठी शिकवते. एकदा मिक्सरची वायर कीबोर्डाला लावण्यासाठी गेली आणि आठवडाभर चटणी पाट्यावर वाटावी लागली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लक्ष्मीबाई टिळकांनी लिहून ठेवलंय ते मी जगतेय. फरक इतकाच की त्यांचे टिळक कवी होते."

दादांचं वर्ष सुरू होतं ईस्टरला. पहाटे सूर्योदयाची उपासना. पत्रिकेवर वेळ सहा, कारण नगरला सहाच असते. पण खोपोली घाटाच्या पश्चिमेला, अगदी पायथ्याशी. पंचांगातला सूर्य सव्वासहाच्या सुमाराला उगवतो, आमचा त्यानंतर निवांत, डोंगर चढून येतो. पुनरुत्थानाचा संदेश संपतो, गाणं संपतं, समोर नुसता काळा सह्याद्री. मग दादा मागून पाळकसाहेबांना खूण करतात: चालू द्या. पाळकसाहेब पेत्राच्या धावत जाण्यापासून पुन्हा सुरुवात करतात. लहान मुलं चटईवर झोपतात, महिला मंडळाचा चहा दोनदा गरम होतो. शेवटी कड्याच्या वर ऊन दिसलं की दादा माइक हिसकावून "तो उठला आहे!" म्हणून असे ओरडतात, की ते प्रभूबद्दल बोलतात की सूर्याबद्दल, हे मला आजवर कळलेलं नाही. वेळ बदलून पावणेसात करा असं सुचवून पाहिलं. "सूर्योदयाची उपासना पावणेसातला? लोक काय म्हणतील?"

कापणीच्या सणाला ते लिलाव पुकारतात. भात निघालेलं असतं. कोणी तांदूळ आणतं, कोणी नारळ, भोपळा, गावरान अंडी, आणि ज्यांची शेती फक्त सातबाऱ्यावर उरली आहे ते बाजारातून दुधी आणतात. सगळं वेदीपुढे मांडून, प्रार्थना करून मग बोली. दादांच्या अंगात इथे नारायणगावच्या मंडईतला अडत्या शिरतो. मी स्वतः पाहिलेलं सांगतो. एक दुधी साठ रुपयांना कारखान्यातल्या फोरमनने घेतला आणि देवाला परत दिला. तो पुन्हा पुकारला, ऐंशीला मलयाळी नर्सबाईंनी घेतला, त्यांनीही परत दिला. तिसऱ्या वेळी शंभराला पाळकसाहेबांच्या बायकोच्या गळ्यात पडला. त्यांना दुधी आवडत नाही, पण त्यांच्यानंतर परत देता येईल असं कोणी उरलं नव्हतं. पिशवीतून मुंडकं बाहेर काढून बसलेली कोंबडी मात्र पहिल्याच बोलीला जाते. तिला परत देण्याइतका विश्वास अजून कोणाच्या अंगी आलेला नाही.

नाताळ म्हणजे दादांचा खरा हंगाम. डिसेंबर उजाडला की पहाटे पाचला ग्रुपवर संदेश: "जय ख्रिस्त. प्रभूची कृपा तुम्हांवर असो. काळी लांब वायर कोणाकडे आहे?" रात्री टेम्पोत पेटी, ढोलकी, गिटार आणि तरुण संघ कोंबून कॅरलची फेरी निघते. बाजारपेठ, शिळफाटा, लौजी, मग खालापूरच्या बाजूला. सांताक्लॉज दादाच, कारण पोटाला उशी लागत नाही. लौजीच्या कुत्र्यांना सांताक्लॉज मान्य नाही. प्रत्येक वर्षी ती त्याला स्टेशनपर्यंत पोचवून येतात. घरोघरी चहा आणि फराळ. करंजी, शंकरपाळे, चिवडा, लाडू. शेजारची हिंदू घरंही ताट घेऊन बाहेर येतात, कारण दिवाळीतली त्यांची ताटं आमच्याकडून रिकामी परत गेलेली नसतात. पाचव्या-सहाव्या घरापासून पोरं कुजबुजायला लागतात, "दादा, दोनच कडवी." दादा मान डोलावतात. पण एका चाळीत तळमजल्यावर एक निवृत्त फिटर अंथरुणाला खिळून आहेत, मुलगा परदेशात. तिथे दादा सगळी कडवी म्हणायला लावतात, ढोलकीसकट. मग दाढी कपाळावर सरकवून खाटेशेजारी बसतात, उशाखालचं विजेचं बिल काढून स्वतःच्या खिशात घालतात आणि "चला, पुढचं घर" म्हणतात.

दादांचा मुलगा सतरा वर्षांचा आहे, गिटार वाजवतो. त्याला हिंदी-इंग्रजी वर्शिपची गाणी हवीत. आजीला टिळकांची भजनं हवीत, तीही पेटी आणि टाळांवर. दोघांचं रोज रात्री कौटुंबिक प्रार्थनेआधी वाजतं. गेल्या वर्षी आजीने ठेवणीतलं अस्त्र काढलं: नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या माणसाने नवा करार दिला, तो वाचून त्यांचं आयुष्य फिरलं, "आणि तू कर्जतच्या गाडीत बसून कानात बोंडं घालतोस!" नातवाने बोंडं काढली. म्हणाला, "आज्जी, टिळकांचा बाप्तिस्मा कधीचा?"

"1895."

"आणि जन्म 1861, डिसेंबर. म्हणजे तेहतीस. आपल्या युथमध्ये बसत होते. त्यांनी अभंग आणले, भजनं आणली, तेव्हा तेच नवं होतं ना? आणि आमच्या युथचे सेक्रेटरी बघ."

सेक्रेटरी तेव्हा जमिनीवर बसून चांदणीचा होल्डर दुरुस्त करत होते. पोराला तेवढ्यावर थांबता आलं नाही. "पप्पा, खरं सांगा, नाताळात तुम्ही प्रार्थना कधी करता? संदेश चालू असतो तेव्हा तुम्ही जनरेटरपाशी. प्रभुभोजनाला तुम्ही खुर्च्या मोजत असता. तुमचा नक्की विश्वास आहे की नुसतं मॅनेजमेंट?"

घर गप्प झालं. दादा होल्डरच्या आत बघत राहिले. स्वयंपाकघरातून बायकोने डोकं बाहेर काढलं, कारण हा प्रश्न तिचाही होता, फक्त तिने लग्नाआधी विचारायचा राहून गेला होता. शेवटी आजी बोलली. "आरं, लूकमधी मार्था आन् मरिया हायेत. मरिया पायाशी बसली, मार्था राबत व्हती. प्रभू मार्थेला बोलला, खरंय. पन जेवला का न्हाई त्या घरी? भाकरी कुनी थापली?"

पाळकसाहेबांना हे स्पष्टीकरण अजिबात मान्य नाही. त्यांनी पुढच्याच रविवारी मरियेवर चाळीस मिनिटं संदेश दिला. दादांनी तो ऐकला नाही. माइकमधून खरखर येत होती, ते छपरावर होते.

त्या वादाच्या रात्री घरच्या प्रार्थनेची पाळी दादांचीच होती. एरवी ते दुसऱ्या वाक्याला पेंगतात. त्या दिवशी जागे राहिले आणि अशी प्रार्थना केली: टेम्पोवाला वेळेवर येऊ दे, लाइट जाऊ नये, चाळीतल्या काकांना आणखी एक नाताळ मिळू दे, पोराला बारावीत गणित सुटू दे, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही ते तूच त्याला दे, आमेन. मुलाने डोळे उघडले तेव्हा वडील पुन्हा होल्डरकडे वळले होते. त्याने काही न बोलता पक्कड पुढे केली. पुढची गाण्यांची यादी निम्मी टिळकांची, निम्मी त्याची झाली. नाताळच्या दिवशी दोन्ही नीट ऐकू आली नाहीत, स्पीकर दादांनी स्वतः बसवला होता.

यंदाच्या जानेवारीत वार्षिक सभा झाली. वयाची अट वाचून झाली. मुलगा उठला. आता काहीतरी होणार म्हणून सगळे सरसावून बसले. त्याने ठराव मांडला, की अट 35 वरून 50 करावी. ठराव एकमताने मंजूर झाला. विरोधात एकच हात वर गेला होता, दादांच्या बायकोचा, पण ती महिला मंडळाची असल्याने तो मोजला नाही.

तेव्हा डिसेंबरात कधी खोपोली स्टेशनवर उतरलात, आणि लाल अंगरखा घातलेल्या एका घामेजल्या गृहस्थाने "जय ख्रिस्त" म्हणून तुमच्या हातात वायरीचं भेंडोळं दिलं, तर धर्म-पंथ सांगत बसू नका. ते ऐकणार नाहीत. टेम्पो बाहेर उभा असतो, मागच्या बाजूने चढा.